आमच्या घराण्याचा पाठभेद

ज्या मनुष्याने महसूल खात्यात उभी हयात दुसऱ्यांच्या वारसांची नावे फेरफाराला लावण्यात घालवली, मयत खातेदाराच्या मागे किती मुलगे, किती मुली, किती विधवा आणि किती तंटे शिल्लक आहेत याचा अदमास ज्याला नुसत्या अर्जाच्या घडीवरून येई, त्याला आपल्या पश्चात आपल्या वारसांच्या पदरात नेमके काय पडणार हा प्रश्न वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत पडू नये, ही गोष्ट निवृत्त अव्वल कारकुनाला शोभणारी नव्हे, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. प्रश्न पडला तोही माझ्या बुद्धीने नव्हे. चातुर्मासानिमित्त आमच्या वसाहतीच्या सभागृहात एका प्रवचनकारांचे व्याख्यान झाले आणि त्यांनी, पुढच्या पिढीसाठी द्रव्यसंचय करून ठेवण्यापेक्षा आध्यात्मिक वारसा ठेवून जावे, असे सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांच्यापाशी ठेवून जाण्याजोगे द्रव्य मुळातच नव्हते अशा आम्हा पेन्शनरांच्या टाळ्या त्यांत सर्वांत मोठ्या होत्या.

घरी येऊन मी आखीव कागद घेतला. ऐहिक मिळकतीचे काम पाच मिनिटांत उरकले. राहती सदनिका पत्नीच्या नावे आहे. बँकेत एक ठेव आहे, तिच्यावर मुलांपेक्षा माझ्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा हक्क अगोदरचा आहे. आणि वाईजवळच्या आमच्या मूळ गावी अकरा गुंठे जिराईत आहे, तिच्यात सहहिस्सेदारही अकराच असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठा आणि दहा भाऊबंद येतात. राहता राहिला आध्यात्मिक वारसा. तो आमच्या स्वयंपाकघराच्या ईशान्य कोपऱ्यात सागवानी देव्हाऱ्यात बसलेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी मी त्याची मोजदाद करावयास घेतली.

आमच्या देव्हाऱ्यातील लोकसंख्या एवढी असेल याची मला कल्पना नव्हती. पंचायतन हे मूळचे वतनदार: नर्मदेचा बाण, संपुष्टातला गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीतला तांबडा गणपती, आणि त्यांच्या शेजारी देवी व सूर्य. मग चांदीचे टाक. त्यांतला खंडोबा घोड्यावर आहे हे परंपरेने ठाऊक आहे म्हणून ओळखू येतो; चार पिढ्यांच्या घासण्याने घोडा आणि स्वार यांच्यातला भेद आता जवळजवळ अद्वैताला पोचला आहे. परंतु खरी वाढ झाली होती ती अन्नपूर्णांची. आमच्यात मुलगी सासरी निघाली की तिची आई तिच्याबरोबर अन्नपूर्णा देते, आणि हात ढिला असला तर जोडीला बाळकृष्णही देते. मुली आपल्या देवता घेऊन येत राहिल्या आणि घरातून मात्र एकही देवता बाहेर गेली नाही, कारण जी मुलगी गेली तिला नवी करून दिली. सबब आजमितीस पणजीची, आजीची, थोरल्या चुलतआजीची, आईची, पत्नीची आणि सूनबाईची अशा सहा अन्नपूर्णा हातात पळी घेऊन एका ओळीत बसल्या आहेत, आणि त्यांच्या पुढे पाच बाळकृष्ण रांगत आहेत. त्यांतला थोरला शंभरी ओलांडून गेला असेल. परंतु अद्याप त्याने उभे राहण्याचे मनावर घेतलेले नाही.

त्यात धर्मशास्त्राची अडचण अशी की, घरच्या पूजेत दोन शिवलिंगे, दोन शंख आणि तीन गणपती असू नयेत असा संकेत आहे. आमच्याकडे हे तिन्ही नियम एकाच वेळी मोडलेले होते. यावर आईने आपल्या हयातीत एक प्रशासकीय तोडगा काढला होता. संख्येपेक्षा अधिक झालेले देव तिने तांदूळ भरलेल्या पितळी डब्यात ठेवून दिले होते. विसर्जन नव्हे, पूजाही नव्हे. खात्याच्या भाषेत सांगावयाचे तर, वेतन चालू ठेवून निलंबन. सणासुदीला डबा उघडून त्यांना हळदकुंकू मिळे आणि पुन्हा झाकण लागे.

देवांची वाटणी ही आमच्या घराण्याला नवी गोष्ट नव्हती. पणजोबांच्या पश्चात १९५६ साली त्यांचे तिघे मुलगे विभक्त झाले, त्या वाटणीपत्राची नक्कल माझ्यापाशी आहे. दस्त म्हणून तो उत्कृष्ट आहे. त्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आहेत, परसातल्या फणसाच्या कोणत्या फांदीखाली कोणी उभे राहावे याचा निर्णय आहे, तांब्याच्या घंगाळाचे वजन आहे. फक्त देवांपाशी येऊन पंचांची लेखणी अडखळली. हिंदू कायद्याप्रमाणे कुलदेवता ही वाटून घेण्याची वस्तू नाही. साधारणपणे ती वडील भावाकडे राहावी आणि इतरांना दर्शनपूजनाची मोकळीक असावी, अथवा पाळ्या लावून घ्याव्यात. पंचांना हा कायदा अर्धाच ठाऊक असावा, कारण 'देव वडील शाखेकडे' एवढे लिहून झाल्यावर, धाकट्यांवर अन्याय नको म्हणून त्यांनी पूजेची उपकरणे मधल्या भावाला, म्हणजे माझ्या आजोबांना दिली, आणि पोथ्या सर्वांत धाकट्याला दिल्या. परिणाम असा झाला की, थोरल्यापाशी देव होते पण ताम्हन नव्हते. आजोबांपाशी ताम्हन, पळी, पंचपात्री, घंटा, सहाण असा सर्व सरंजाम होता पण त्यात बसवायला देव नव्हता. आणि धाकट्यापाशी 'गुरुचरित्रा'चे बावन्न अध्याय होते, परंतु ते ज्याच्यासमोर वाचावयाचे तो पलीकडच्या सोप्यात होता. भिंत मधोमध घातलेली होती. नवरात्रात ताम्हन भिंतीवरून पलीकडे जाई आणि शाळिग्राम अलीकडे येई, आणि या देवघेवीच्या निमित्ताने जे तिघे भाऊ एरवी एकमेकांशी बोलत नसत त्यांना निदान 'धरलंस का?' एवढे विचारावे लागे. पुढे थोरल्यांना संतान नसल्यामुळे त्यांच्या मागे देव आमच्याकडे आले. धाकट्यांनी वाड्याचा हिस्सा विकून पोथ्यांसह इंदूर गाठले.

या विषयात आम्हीच तेवढे हास्यास्पद ठरलो असे मात्र कोणी समजू नये. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात, आपल्या पाळीच्या दिवसांत कुलदैवताची मूर्ती आपल्या घरी हलवता येईल की नाही, यावरून भाऊबंदांत वाद लागला आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथील न्यायमूर्तींनी १९२५ साली असे ठरवले की, मूर्ती ही घरातल्या खुर्चीसारखी वस्तू नसून कायद्याच्या दृष्टीने ती एक व्यक्ती आहे. सबब ती कोठे राहणार याचा निर्णय करताना तिचीही इच्छा ध्यानात घेतली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा कोणी तिच्या वतीने उभा राहिला पाहिजे. देवाच्या वतीने बोलणारा निःस्वार्थी मनुष्य शोधून काढण्याची ही कामगिरी त्यांनी इतक्या दुरून सुचवली हे बरे झाले. इथे राहणाऱ्याला ती सुचली नसती.

संतांचेही काही वेगळे नाही. तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीतले आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत सोडून दिले आणि धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याचे त्याला दिले, असे सांगतात. पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या. रोखे घेऊन वह्या परत करणाऱ्या त्या नदीला वारसा कशाला म्हणतात हे कळले होते. माणसांना ते तितकेसे कळले नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूच्या आणि आळंदीच्या पादुका एका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. परंतु पुढच्या पिढ्यांत मानाच्या हक्कावरून वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी ज्ञानेश्वरांची पालखी निराळी काढली. आज आषाढात दोन पालख्या दोन वाटांनी जातात आणि लाखो लोक धन्य होतात, तेव्हा भाऊबंदकी निष्फळ असते असे निदान मी तरी म्हणणार नाही.

तर मी आमच्या वारसांकडे वळलो. मुलाला बोलावून देव्हाऱ्यासमोर बसवले आणि विषय काढला. तो म्हणाला, "बाबा, मी काही नास्तिक नाही. पण मला वेळ नाही." आस्तिक आणि नास्तिक या दोन दर्शनांचे खंडनमंडन आपल्याकडे हजारो वर्षे चालले, परंतु या तिसऱ्या दर्शनाला उत्तर देण्याची तजवीज कोणत्याही आचार्याने करून ठेवलेली नाही. सूनबाई अधिक व्यवहारी. तिने टेप आणली. त्यांच्या नव्या सदनिकेत बांधकामवाल्याने देवासाठी म्हणून जो कोनाडा ठेवला आहे तो धुलाईयंत्राच्या वर असून त्याची रुंदी सव्वा फूट आहे. तिने शांतपणे मोजून सांगितले, "बाबा, पंचायतन बसेल, एक अन्नपूर्णा बसेल. बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो आणि बँकेचा बोजाही त्यातच चढवतात. आमचे देव त्या रकान्यात अधिकार म्हणून लिहावेत की बोजा म्हणून, हे मला तिच्या चेहऱ्यावरून निश्चित कळेना.

मुलीला नाशिकला दूरध्वनी केला, तर तिने कायदा काढला. "जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क. आधी चौऱ्याण्णव साली आपल्या राज्याने दिला, मग दोन हजार पाचला दिल्लीने. तुम्हीच मला शिकवलंत ना? मग देवांत का नको?" मी तिला सांगू लागलो की, मुलीचे कुलदैवत लग्नाबरोबर बदलते, सासरचे देव ते तिचे देव, शास्त्र असे आहे, मिताक्षरा तशी आहे. तिने मला मध्येच थांबवले. तिला शाळिग्राम नको होता, टाकही नको होते. तिला पणजीचा बाळकृष्ण हवा होता. लहानपणी तिने तो देव्हाऱ्यातून पळवून बाहुलीच्या पाळण्यात निजवला होता आणि त्याबद्दल आजीच्या हातचा मार खाल्ला होता. "मी मार खाल्लाय त्याच्यासाठी," ती म्हणाली, "तुमच्या मुलाने खाल्लाय का?" वहिवाटीचा एवढा सबळ पुरावा माझ्या नोकरीत क्वचितच माझ्यासमोर आला असेल.

शेवटी मृत्युपत्राचा मसुदा करण्यासाठी आमच्या परिचयाच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "स्थावर की जंगम?" धर्मशास्त्रात जी मूर्ती चल ती कायद्यात जंगम, हे जुळत असल्यामुळे मी जंगम म्हणालो. "मग वजन लिहा," ते म्हणाले, "चांदी किती ग्रॅम?" मी घरी येऊन तराजू मागितला, तेव्हा पत्नी भाजी निवडत होती. कारण कळल्यावर तिने मान वर न करता विचारले, "देवांना विचारलंत का, त्यांना कुठे राहायचंय ते?" प्रिव्ही कौन्सिलचा निकाल तिने वाचलेला नाही याची मला खात्री आहे.

तेव्हा मूर्तींचा नाद सोडून मी अमूर्ताकडे वळलो. मूर्ती वाटता येत नाहीत. परंतु स्तोत्र कितीही जणांना दिले तरी देणाऱ्यापाशी पुरते शिल्लक राहते, आणि त्याला सव्वा फूट रुंदीही लागत नाही. माझा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याची ग्रहणशक्ती तीव्र आहे आणि गणेशोत्सवात आमच्या वसाहतीत रामरक्षापठणाची स्पर्धा असते. मी त्याला पहाटे उठवून पाठ देऊ लागलो. दोन दिवस तो उठला. तिसऱ्या दिवशी मुलगाच म्हणाला, "बाबा, तुम्ही रोजच्यासारखं म्हणा, मी फोनवर घेऊन ठेवतो. तो शाळेच्या बसमध्ये ऐकेल." याप्रमाणे एका सकाळी माझ्या नकळत ध्वनिमुद्रण झाले. मी ते ऐकले नाही. स्वतःचा आवाज ऐकण्यास जे धैर्य लागते ते मी नोकरीत असतानाच खर्चून बसलो होतो. मुलाला वेळ नव्हता. नातू मात्र महिनाभर बसमध्ये कानांत बोंडे घालून ते ऐकत होता, आणि त्याला सर्व मुखोद्गत झाले आहे असे तो शपथेवर सांगत होता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरले होते. मागे खुर्च्या कमी पडल्यामुळे पंधरा-वीस मंडळी भिंतीला टेकून उभी होती. नातू सोवळे नेसून आला, नमस्कार केला आणि त्याने प्रारंभ केला. उच्चार स्वच्छ होते. रामरक्षेत जे कवच आहे त्यात रामाची निरनिराळी रूपे भक्ताच्या निरनिराळ्या अवयवांचे रक्षण करतात, आणि ते मस्तकापासून आरंभून कपाळ, डोळे, कान, कंठ, खांदे असे अनुक्रमाने खाली उतरत जाते. महसुली पाहणीही अशीच वरच्या शिवेपासून खालच्या शिवेकडे करावी असा माझा नेहमी आग्रह असे. नातू कमरेपर्यंत आला. मांड्या झाल्या. सेतू बांधणाऱ्याकडे गुडघ्यांचे रक्षण सोपवून झाले. आता पोटऱ्या येणार, तोच तो थांबला. घसा दोनदा खाकरला. मान किंचित डावीकडे वळवून, डोळे न उघडता, साठी उलटलेल्या माणसाच्या जडशीळ स्वरात तो म्हणाला, "बसा. आलोच." आणि श्वास न घेता पोटऱ्यांपासून पुढे चालू लागला.

भिंतीला टेकलेल्यांपैकी सात-आठ जण खाली बसले.

परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिले. 'पाठ शुद्ध, परंतु मध्ये अवांतर संभाषण' असा शेरा गुणपत्रिकेवर होता. नातू रडकुंडीला आला होता. "अवांतर काय?" तो विचारीत होता, "ते त्यातच आहे! आबा रोज म्हणतात!" मी त्याला म्हटले की मी असे कधीही म्हणत नाही. तेव्हा पत्नीने माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी दोनदाच पाहिलेली आहे. "रोज म्हणता," ती म्हणाली. "मामंजीही म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या सकाळी आपली बसले खाली. मग कळलं की तुमच्याकडची रामरक्षाच अशी आहे."

मग मला आठवले. आजी सांगत असे. पणजोबा गावचे कुलकर्णी होते, आणि उतारा हवा असलेली, सारा भरायला आलेली, बांधावरून भांडलेली मंडळी उजाडताच वाड्याच्या दिंडीतून आत येत. पणजोबा तेव्हा पूजेत असत. दिंडीच्या बिजागरीचा आवाज झाला की ते स्तोत्र न सोडता 'बसा, आलोच' म्हणत, आणि मंडळी सोप्यात बसत. पहिला मनुष्य नेमका गुडघ्यांपाशीच कसा येई याचे कारण आजीला ठाऊक नव्हते. घराशेजारच्या आळीतून नदीवर जाणारी वाट आणि पणजोबांच्या म्हणण्याचा वेग यांचा काही मेळ बसलेला असावा. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतने खालसा झाली. लोक यावयाचे थांबले. दिंडीही पुढे मोडीत गेली. परंतु 'बसा' खालसा झाले नाही. आजोबा रिकाम्या सोप्याकडे मान वळवून ते म्हणत. माझे वडील पुण्याच्या चाळीत दोन खोल्यांत, जिथे कोणी बसावयाचे म्हटले तरी जागा नव्हती अशा ठिकाणी, ते म्हणत. मी तिसऱ्या मजल्यावर, दार बंद करून, म्हणत आलो.

वेदातील एक अक्षर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी पदपाठ केला, क्रमपाठ केला, जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती रचल्या, शब्द पुढून मागे आणि मागून पुढे म्हणून मुलांच्या डोक्यात खिळे ठोकावे तसे बसवले. आमच्या घराण्यात यांपैकी काहीएक झाले नाही. संध्या माझ्या आजोबांबरोबर गेली, रुद्र वडिलांबरोबर गेला, शाळिग्रामाला सव्वा फूट पुरेल की नाही याची वाटाघाट चालू आहे. आणि वाटणीपत्रात ज्याची नोंद नाही, जे कोणी कोणाला शिकवले नाही, ते एक दोन शब्दांचे वाक्य खाकरण्यासकट, मान वळवण्यासकट, चार पिढ्यांत एका मात्रेचाही फरक न पडता नऊ वर्षांच्या मुलापर्यंत येऊन पोचले होते.

माझ्यातला अव्वल कारकून एका साक्षीवर नोंद मंजूर करीत नाही. रात्री मी इंदूरच्या चुलतभावाला दूरध्वनी केला. तो धाकट्या शाखेचा, पोथ्या ज्यांच्या वाट्याला गेल्या त्यांचा नातू. एका फणसाच्या फांदीवरून आमचे बोलणे बरीच वर्षे तुटलेले होते. क्षेमकुशल झाले. मग मी, कारण न सांगता, त्याला रामरक्षा म्हणून दाखवण्याची विनंती केली. त्याला ती विचित्र वाटली असावी. परंतु वय झालेल्या माणसाला कोणी काही म्हणून दाखव म्हणाले की तो फार आढेवेढे घेत नाही. त्याने सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात देव्हाऱ्यापाशी उभा राहून ऐकत होतो. त्याचा स्वर थोडा हिंदी वळणाचा झाला आहे. मस्तक झाले, कंठ झाला, खांदे, हात, नाभी, कंबर. मांड्या झाल्या. गुडघे झाले.

पलीकडे शांतता पसरली. मग कोणीतरी दोनदा खाकरले.

मी जवळची खुर्ची ओढली आणि खाली बसलो.